रिव्हॉल्व्हरचं काडतूस, लांब नळी आणि ओहायोतलं हरण

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत कोलंबसच्या उत्तरेला ओळखीच्या शेतकऱ्याची जमीन आहे, मक्याचं रान संपतं तिथून झाडी सुरू होते आणि हरणावर बार काढायचा तो चाळीस ते ऐंशी यार्डांच्या आत. विचारणारा ग्रीन कार्डवर आहे आणि त्याच्याकडे ३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे. मग त्याच काडतुसाची लिव्हर-ॲक्शन कार्बाइन (चापाभोवतीची दांडी खाली-वर मारून काडतूस चढवायची आखूड रायफल) घ्यावी की ४४ मॅग्नमची? कुठल्या कंपनीची? आणि रिव्हॉल्व्हरसाठी आणून ठेवलेल्या हॉलो पॉइंट (टोकाशी खळगा असलेल्या) गोळ्यांच्या चार डब्या कार्बाइनमध्ये संपवल्या तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. टार्गेटवर खुशाल संपवा. हरणावर नको.

याचं कारण नळीच्या लांबीत आहे. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १२०० ते १२५० फुटांनी सुटते. तेच काडतूस अठरा-वीस इंची नळीच्या कार्बाइनमध्ये भरलं की वेग १८०० फुटांवर जातो. मॅग्नम काडतुसातली दारू सावकाश जळणारी असते. आखूड नळीत ती पुरती कामी यायच्या आत गोळी बाहेर पडलेली असते, आणि उरलेली ताकद तोंडाशी भडका आणि आवाज होऊन फुकट जाते. लांब नळीत तोच वायू गोळीच्या पाठीमागून आणखी फूटभर रेटत राहतो. ४४ मॅग्नमचंही तेच: २४० ग्रेनची गोळी हातातल्या शस्त्रातून बाराशे-तेराशेने, कार्बाइनमधून साडेसतराशेच्या आसपास. म्हणजे काडतूस रिव्हॉल्व्हरचं असलं तरी लांब नळीतून निघालेली गोळी वेगळीच होऊन बसते. ज्याने ती बाराशे फुटांना नीट उमलावी म्हणून बनवली, त्याच्या हिशेबात अठराशे फूट नव्हतेच.

हे मी फुकट शिकलो नाही. ओहायोत सरळ भिंतीच्या, म्हणजे बुडापासून तोंडापर्यंत सरळ नळकांड्यासारख्या, काडतुसाच्या रायफलींना हरणासाठी परवानगी मिळाली २०१४ साली. तोवर लांब बंदुकांत इथे स्लग (एकच जड गोळी) भरलेली शॉटगन नाहीतर मझललोडर (तोंडातून ठासायची बंदूक), एवढंच होतं. सपाट मुलूख, जागोजागी घरं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या बाटलीमानेच्या (तोंडाशी बाटलीसारख्या निमुळत्या) काडतुसांना सरकार परवानगी देत नाही. लिव्हर-ॲक्शनचं सगळ्यात नावाजलेलं काडतूस ३०-३०, पण तेही बाटलीमानेचं, म्हणून इथे बाद. त्या पहिल्याच हंगामात मी नवीकोरी ३५७ घेऊन ट्री-स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, बसलो होतो, आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये होत्या रिव्हॉल्व्हरच्याच हॉलो पॉइंट. दिवस मावळता मावळता पस्तीस यार्डांवर मादी आली, अंगाने थोडी माझ्याकडे तिरपी. बार खांद्यावर बसला. ती गुडघ्यावर आली, उठली आणि झाडीत शिरली. रक्त म्हणाल तर पानापानावर मोहरीएवढे ठिपके. जमिनीचा मालक टॉर्च घेऊन मदतीला आला, तरी ती सापडायला रात्रीचे अकरा वाजले. सोलताना पाहिलं तर खांद्याच्या मांसाचा बशीएवढा लगदा झालेला, फऱ्याच्या हाडाला जॅकेटचा (गोळीवरच्या तांब्याच्या वेष्टनाचा) अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा चिकटलेला, आणि फुप्फुसापर्यंत पोचलेली जेमतेम एक शिशाची किरच. गोळी दारातच फुटली होती. तो तुकडा अजून माझ्या कामाच्या बाकावर एका डबीत आहे. कोणी नवीन माणूस सल्ला विचारायला आला की आधी तो दाखवतो.

तेव्हा गोळी कुठली? ३५७ साठी माझी पसंती १५८ ग्रेनची जॅकेट असलेली सॉफ्ट पॉइंट, किंवा त्याहून चांगलं म्हणजे १७० ते १८० ग्रेनची, खास लिव्हर बंदुकीच्या वेगासाठी बनवलेली. फेडरलची हॅमरडाउन ही अशीच मालिका: ३५७ मध्ये १७० ग्रेन, ४४ मध्ये २७० ग्रेन. सॉफ्ट पॉइंटला टोकाशी खळगा नसतो, थोडं शिसं उघडं असतं, त्यामुळे ती बेताने पसरते आणि आत जात राहते. ४४ मध्ये एवढी चिकित्सा लागत नाही. २४० ग्रेनच्या गोळीला मुळातच वजन आहे. हॉर्नडीची २४० ग्रेनची एक्सटीपी हॉलो पॉइंट असूनही मी कार्बाइनमधून वापरली आहे आणि बरगड्यांतून आरपार गेलेली पाहिली आहे. हलक्या गोळ्यांच्या मात्र वाटेला जाऊ नका. ३५७ मध्ये ११० आणि १२५ ग्रेनच्या मिळतात, वेगाचा आकडा बघून भुरळ पडते. त्या घरच्या राखणीसाठी आहेत.

कडक शिशाची ओतीव, सपाट तोंडाची गोळी हा जुन्या लोकांचा आवडता मार्ग. ती पसरत नाही, पण हाड फोडून पलीकडे निघते, आणि दोन भोकं पडली की रक्ताचा माग चांगला पडतो. हाताने काडतुसं भरणाऱ्यांसाठी ही गोळी उत्तम, फक्त ती तुमच्या नळीच्या मापाची हवी. जुन्या मार्लिनच्या उथळ, बारीक खाचांच्या नळीत बारीक पडणारी गोळी खाचा धरत नाही आणि शिसं नळीला लिंपून ठेवते. निव्वळ तांब्याच्या गोळ्याही आता मिळतात. घरात लहान मुलं हे मांस खाणार असतील तर त्यांचा जरूर विचार करा. शिशाची गोळी फुटून बारीक कण मांसात जातात, आणि ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही.

आता एक गोष्ट, जिच्यात चुकायला जागा नाही. या बंदुकांचं मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी. काडतुसं त्यात एकामागे एक ओळीने असतात, मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्राइमरला (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकलेलं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने प्राइमर पेटू शकतो, तोही तुमचा डावा हात जिथे आहे तिथेच. म्हणून सपाट तोंडाच्याच गोळ्या. अपवाद हॉर्नडीच्या लेव्हरएव्होल्यूशनचा. तिचं टोक टोकदार दिसलं तरी मऊ, लवचिक प्लास्टिकचं असतं. तिची रिकामी टरफलं (काडतुसाच्या पितळी खोळी) पुन्हा भरणार असाल तर ध्यानात ठेवा, ३५७ आणि ४४ मध्ये ती नेहमीपेक्षा आखूड कापलेली असतात. नेहमीच्या टरफलांत मिसळली की भरताना डोक्याला ताप.

३५७ की ४४? तुमच्या चाळीस ते ऐंशी यार्डांना ३५७ पुरेल, पण ऐंशी ही तिची हद्द समजा. कारखान्याच्या तक्त्यांनुसार १५८ ग्रेनची गोळी कार्बाइनच्या तोंडाशी साधारण ११७५ फूट-पाउंड ऊर्जा घेऊन निघते आणि शंभर यार्डांवर सातशेच्या आसपास उरते. ४४ निघते सोळाशेच्या वर आणि शंभर यार्डांवर हजाराच्या जवळ असते. ३५७ शंभर यार्ड जाऊन जे उरवते, ते ४४ दोनशेला उरवते. म्हणून कोणी ४४ ने दोनशे यार्डांवर बार काढायला जाऊ नये, त्याचं कारण पुढे येईल. पण तिरपं हरण, खांद्याचं हाड, थरथरलेला हात, या सगळ्याला ४४ मध्ये जास्त माफी आहे. रिव्हॉल्व्हर नसतं तर मी डोळे झाकून ४४ सांगितली असती. ते आहे म्हणून ३५७ चा युक्तिवाद तगडा होतो, आणि त्याचं खरं कारण ३८ स्पेशल. ३५७ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) ३८ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूस चालतं, धक्का नावापुरता, आवाज कमी, खर्चही कमी. माणूस आपोआप जास्त सराव करतो. वर्षाला पाचशे ३८ मारून मग हंगामाला पाच ३५७ मारणारा, ४४ च्या एका डबीवर वर्ष काढणाऱ्यापेक्षा हरणाला जास्त न्याय देतो. फक्त ३८ भरपूर मारल्यावर चेंबरमध्ये काजळीचं कडं बसतं, ते ब्रशने खरवडून काढा, नाहीतर ऐन हंगामात लांबट ३५७ आत अडकून बसेल. ४४ ला हीच सोय ४४ स्पेशलची आहे, पण ते महाग आणि दुकानात दुर्मिळ.

४५ कोल्टबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दुकानदार दाखवीलच. काडतूस १८७३ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. गंमत म्हणजे चित्रपटांतला काउबॉय त्याची रायफल मिरवतो, पण त्या काळी कारखान्यातून ४५ कोल्टची लिव्हर रायफल निघतच नव्हती. त्या टरफलाची कडा ओढून काढायला फार अरुंद होती. आजही कारखान्याचे साधे राउंड कमी दाबाचे असतात, म्हणून लांब नळीचा त्यांना मॅग्नमएवढा फायदा नाही. स्वतः भरणाऱ्यासाठी ते छान, नवशिक्यासाठी नाही.

बंदुकीकडे येऊ. बाजारात मुख्यतः चार घराणी. पहिलं १८९२ च्या विंचेस्टरचं, जॉन ब्राउनिंगने आखलेलं. आज विंचेस्टर नावाने ती जपानच्या मिरोकूच्या कारखान्यात बनते, अंगकाठी देखणी, किंमतही तशीच. त्याच आराखड्यावर ब्राझीलची रॉसी, वजनाला हलकी, खिशाला परवडणारी, घडाई थोडी रांगडी. दोघींचं रिकामं टरफल वरून उडतं, म्हणून नेहमीच्या जागी दुर्बीण बसत नाही. तिसरं घराणं मार्लिन १८९४. माथा बंद, टरफल बाजूने बाहेर, दुर्बीण डोक्यावर सरळ बसते. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली, आणि त्यानंतरच्या बंदुकांची बनावट नीट आहे. चौथं हेन्रीचं बिग बॉय. ॲक्शन लोण्यासारखी, पण पितळी अंगाची फार जड, जवळपास चार किलो. स्टीलची घ्या.

हेन्रीची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे रिकामी करणं. बाकीच्यांत मॅगझिनमधली काडतुसं काढायला प्रत्येक काडतूस लिव्हर मारून ॲक्शनमधून फिरवावं लागतं. संध्याकाळी काळोखात, बोटं गारठलेली, घोडा चढलेला, आणि प्रत्येक वेळी चापापासून बोट लांब ठेवायचं. हेन्रीत मॅगझिनच्या नळीतली पितळी दांडी काढली की काडतुसं तळहातावर. नवशिक्यासाठी हा गुण मी लाकडाच्या पॉलिशपेक्षा वर धरतो. भरणं मात्र जुन्या मॉडेलमध्ये पुढूनच होतं. नव्यांत बाजूने भरायची खिडकी, लोडिंग गेटही असतो, तीच बघा.

४४ घेणार असाल तर नळीतल्या पिळाकडे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचांकडे, लक्ष द्या. जुन्या मार्लिनमध्ये ३८ इंचांत एक फेरा होता. २४० ग्रेनला तो पुरतो, पण तीनशे ग्रेनची लांबट गोळी त्यात नीट स्थिर होत नाही आणि टार्गेटवर भोकं लंबगोल पडतात. रुगरच्या हातच्या मार्लिनला २० इंचांत एक फेरा आहे, ती जड गोळ्याही झेलते. २४० वरच राहणार असाल तर हा परिच्छेद विसरा.

दुकानातून आणली की लगेच रानात न्यायची नाही. लिव्हर बंदुका काडतुसाच्या लांबीबाबत नखरेल असतात. एक बंदूक सॉफ्ट पॉइंट गिळते आणि रुंद तोंडाची ओतीव गोळी चेंबरच्या काठावर अडवून ठेवते. हंगामाला ठरवलेल्या काडतुसाचीच एक अख्खी डबी रेंजवर चालवा, आणि लिव्हर पूर्ण, जोरात मारा. हळुवार, अर्धवट मारलेली लिव्हर हेच निम्म्या अडकण्यांचं कारण असतं. जुनी मार्लिन घेणार असाल तर काडतूस वर उचलणारा पत्रा बघून घ्या. लिव्हरची कड त्यावर घासून खाच पडली असेल तर दुसरं काडतूस खाली घुसतं आणि सगळं जाम होतं.

साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा. कारखान्याची मागची साइट बहुधा बैलाच्या शिंगांसारखी वळलेली असते, फोटोत सुंदर, सांजवेळी निरुपयोगी. तिच्या जागी रिसीव्हरवर (नळीमागच्या धातूच्या पेटीवर) मोठ्या भोकाची पीप साइट बसवा. चाळिशीनंतर डोळ्यांना ती खरंच मानवते. दुर्बीण हवीच असेल तर एक ते चार पटीची पुरे. त्यासोबत घोड्याला बाजूने पुढे येणारी खुंटी लावून घ्या, नाहीतर दुर्बिणीखाली अंगठा जात नाही आणि अर्धवट चढलेला घोडा निसटतो.

झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे एकत्र येतात ते अंतर, कितीवर? ४४ ची २४० ग्रेन शंभर यार्डांवर नेमकी बसवली तर पन्नासला इंच-सव्वा इंच वर लागते, दीडशेला सहाएक इंच खाली आणि दोनशेला दीड फुटाच्या आसपास खाली. दोनशेची गोष्ट का सोडायची ते इथे कळतं. अंतराच्या अंदाजात वीस-पंचवीस यार्डांची चूक झाली तर गोळी छातीऐवजी पायावर जाते. ३५७ चा मार्गही जवळपास असाच. तुमच्या जागेसाठी मी पंचाहत्तरवर झिरो करीन आणि मग ऐंशीच्या आत बोटभरही वरखाली धरायचा विचार करणार नाही. आठ इंची कागदी ताटली लावा, मांडी घालून बसून, आधाराशिवाय. ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. माझं पहिल्या वर्षी पंचावन्न यार्ड निघालं होतं.

कायद्याचं थोडं. ओहायोत कॅलिबर ३५७ ते ५००, टरफल सरळ भिंतीचं, आणि चेंबर-मॅगझिन मिळून तीनच काडतुसं. मॅगझिनमध्ये दहा मावतात म्हणून दहा भरायची नाहीत. बंदुकीचा मुख्य आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. नारिंगी जॅकेट सक्तीचं, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी लेखी हवी, ओळख कितीही असो. दुसऱ्या राज्यात हेच नियम धरून जाऊ नका. इलिनॉयने २०२३ पासून अशी काडतुसं चालू केली, पण फक्त सिंगल-शॉट रायफलमधून, म्हणजे तुमची लिव्हर-ॲक्शन तिथे चालणार नाही. आणि आपल्या लोकांसाठी खास: तुम्ही ग्रीन कार्डवर आहात म्हणून सोपं आहे. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकारी परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. मित्राला रेंजवर बरोबर नेण्याआधी हे त्याला सांगा, आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या.

बार कुठे? हरण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात धरा. तिरपं, पण तोंड पलीकडे असेल तर लांबच्या पुढच्या पायाच्या रेषेत. तोंड तुमच्याकडे असेल तर ३५७ खाली ठेवा. वळेल ते, वेळ असतो. बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि मग खालीच बसा, अर्धा तास. माग काढताना रक्त बघा: गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस, हरण जवळच आहे. गडद तांबडं म्हणजे यकृत, मग आणखी दोन-तीन तास थांबायचं. हिरवट आणि वास येणारं असेल तर पोट फुटलंय. मग घरी जा, चहा घ्या, सहा-आठ तासांनी या. मागे लागलात तर ते उठून शेजाऱ्याच्या जमिनीत जाईल, आणि तिथली परवानगी तुमच्याकडे नाही.

एक शेवटचं, बंदुकीशी थेट संबंध नसलेलं. हंगाम संपतो आणि लगेच नाताळच्या सुट्टीत आपण मुंबई-पुण्याला निघतो. शिकारीला नेलेली पाठपिशवी विमानात न्यायची असेल तर उलटी करून झटका, आतले कप्पेही चाचपा. ३५७ चं एखादं काडतूस अस्तराच्या फटीत गेलेलं असतं. इथे ते विसरभोळेपणात जातं, मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा होतो. मी आता प्रवासाची पिशवी वेगळीच ठेवली आहे.